फरशीवाल्या आक्का

आक्कांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, फरशी लक्षात राहायची. एखाद्या लग्नाच्या मांडवात आम्ही दोघी शेजारी बसलेल्या असलो, की समोरून येणाऱ्या जोडप्याकडे बघून त्या माझ्या कानाशी लागायच्या, "ते बघ, डॉल्फिन आलं." डॉल्फिन म्हणजे उद्यमनगरातले एक फाउंड्रीवाले. त्यांच्या बाथरूमच्या भिंतीवर सहा फरश्या मिळून उडी मारणारा एक डॉल्फिन आम्हीच बसवून दिला होता. त्यांच्या मागून पैठणी सावरत येणारी बाई म्हणजे 'द्राक्षाचा घड', आणि आहेराचं पाकीट शोधत सगळे खिसे चाचपणारे प्राध्यापक म्हणजे 'नुसती पांढरी'. एकदा तर महाद्वार रोडला भर गर्दीत त्यांनी एका पोलीस इन्स्पेक्टरला हाक मारली, "ओ चिकू बॉर्डर! गळायचं थांबलं का?" साहेबांच्या दोन्ही बाजूंना दोन हवालदार. साहेब थांबले, टोपी सारखी केली आणि शाळेतल्या मुलासारखे म्हणाले, "थांबलं, आक्का."

दुकान शाहूपुरीतल्या एका बोळात होतं. नवरा होता तोवर तिथे शहाबादी फरशी आणि मोझॅकच्या लाद्या मिळायच्या. नवरा अचानक गेला तेव्हा दुकान विकून निपाणीला माहेरी परत ये, असं भाऊ म्हणत होता. आक्का तेराव्यापर्यंत गप्प राहिल्या आणि चौदाव्या दिवशी दुकान उघडून बसल्या. पुढे रंगीत, चकचकीत सिरॅमिक टाइल्स आल्या, सगळं कोल्हापूर टाइल्स म्हणू लागलं. आक्का मात्र शेवटपर्यंत सगळ्याला फरशीच म्हणत राहिल्या. इरकल साडी, कपाळाला विभूती, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल आणि कमरेला लोखंडी टेप. भाषा आमचीच, रांगडी. पण मोजायला लागल्या की कानडी व्हायच्या. ओंदु, एरडु, मूरु. आणि काही फुटलं की "अय्यो शिवने!"

मी तिथे लागले शहाण्णव साली. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून नुकतीच बाहेर पडले होते. मुलाखत अशी झाली नाहीच.

"काय येतंय?" आक्कांनी विचारलं.

"ड्रॉइंग."

"कशानं काढतीस?"

मी पिशवीतून स्टीलची पट्टी काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, तिनं पाठ खाजवून बघितली. "बरं हाय. पट्टी, उद्यापासनं ये." माझं नाव त्यांनी विचारलं नाही, आणि नऊ वर्षांत त्याची कधी गरजही पडली नाही.

माझं काम सोपं होतं. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, बाथरूम आणि स्वयंपाकघर मापायचं, कागदावर चौकटी आखून कुठे कुठली फरशी ते दाखवायचं आणि किती लागतील ते मोजायचं. पण त्याच्या आधी आक्कांची तपासणी व्हायची. दुकानात आलेल्या माणसाला त्या एकही फरशी दाखवत नसत. आधी विचारायच्या, "घरात पैली आंघोळ कोण करतं?" लोक गोंधळायचे. नवरे बायकांकडे बघायचे. एकदा एका नव्या जोडप्याचं यावरून दुकानातच भांडण लागलं आणि फरशी न घेता ते दोघं दोन वेगवेगळ्या रिक्षांनी परत गेले.

दुसरा प्रश्न स्वयंपाकघराचा. दुकानाच्या मधोमध त्यांनी फरश्यांच्या खोक्यांवर एक जुना दगड टाकून कट्टा केला होता. घरात पोळ्या जी बाई लाटते तिला त्या कट्ट्यापुढे उभं करायच्या, हातात लाटणं द्यायच्या आणि म्हणायच्या, "लाटा." पीठ नाही, पोळपाट नाही, नुसतं हवेत लाटायचं. तिच्या कोपराकडे आणि खांद्याकडे बघत आक्का दगडाखाली एकेक फरशी सारायच्या नाहीतर काढायच्या. खांदा खाली आला, चेहरा सैल झाला, की म्हणायच्या, "हां. पट्टी, हितं माप घे." एकदा एक वकील आले होते. बायको मागे उभी आणि हे पुढे. "आक्का, कट्टा तेहतीस इंच पाहिजे, ग्रॅनाइट काळा आणि टाइल मी सांगतो तीच. वेळ नाही मला." आक्कांनी लाटणं त्यांच्या हातात दिलं. "वकीलसाहेब, दहा पोळ्या लाटा. मग तुम्ही म्हणशीला ते माप." वकिलांनी कोट काढून ठेवला आणि खरंच लाटायला लागले. चौथ्या पोळीला कंबर धरली. मागे उभी असलेली बायको तोंडाला पदर लावून इतकी हसत होती, की तिला पाणी द्यावं लागलं. शेवटी माप तिचंच घेतलं, रंगही तिचाच.

न्हाणीघराच्या फरशीची परीक्षा वेगळी. एका कोपऱ्यात बादली, तांब्या आणि साबणाची वडी कायम असायची. गिऱ्हाईक एखाद्या गुळगुळीत, काचेसारख्या फरशीच्या प्रेमात पडलं, की आक्का ती जमिनीवर ठेवायच्या, वर साबणाचं पाणी ओतायच्या आणि सांगायच्या, "चप्पल काढून हुभं ऱ्हावा, पावणं." शिवाजी पेठेतल्या तालमीतला एक पैलवान छाती पुढे काढून उभा राहिला आणि पुढच्या क्षणाला आमच्या खोक्यांवर आडवा. तो उठायच्या आत आक्कांनी विचारलं, "ह्यावर तुमच्या आईला हुभी करणार?" त्यानं खरखरीत फरशी घेतली. पाठ लागल्याचं कुणाला सांगू नका, एवढीच त्याची अट होती. आक्कांनी ती पाळली. म्हणजे नाव कुणाला सांगितलं नाही. 'करडी खरखरीत' एवढंच म्हणायच्या.

फरशी बसवायचं काम दस्तगीर मिस्त्री करायचे. हडकुळा, उंच, फार कमी बोलणारा माणूस. बसवलेल्या प्रत्येक फरशीवर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावायचे. पोकळ आवाज आला की काढून पुन्हा बसवायचे. त्यांचं आणि आक्कांचं एकाच गोष्टीवर जमत नसे, आणि ती म्हणजे तुकडा. भिंत कधीही फरशीच्या मापाची नसते, शेवटी कुठेतरी कापलेला तुकडा लावावाच लागतो. मिस्त्री म्हणायचे, तो कोपऱ्यात जावा. आक्का म्हणायच्या, दारामागं. "दार उघडलं की डोळा कुठं पडतो? तिथनं अख्खी सुरू कर. तुकडा दाराआड. पावण्याला फाटकी चादर दाखवतोस व्हय रं?" मिस्त्री "बरं" म्हणायचे आणि कोपऱ्यात लावायचे. मग आक्का जाऊन दार उघडून, डोळा कुठे पडतो ते स्वतः बघायच्या. नऊ वर्षांत हे भांडण संपलं नाही आणि दोघांनी एकमेकांना सोडलंही नाही.

कांबळे सिस्टर आमच्याकडे आल्या त्या मी लागल्यानंतर दोन वर्षांनी, उन्हाळ्याच्या तोंडाला. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. नवरा वारणानगरला साखर कारखान्यात होता, तोही त्याच वर्षी निवृत्त झालेला. सगळा संसार कारखान्याच्या कॉलनीतल्या दोन खोल्यांत झाला होता आणि आता फुलेवाडीच्या पुढे प्लॉट घेऊन त्यांनी घर बांधलं होतं. भिंती झाल्या होत्या, फरशी राहिली होती.

"घरात पैली आंघोळ कोण करतं?" आक्कांनी विचारलं.

"आत्या," सिस्टर म्हणाल्या. आत्या म्हणजे त्यांच्या सासूबाई. "पण त्या यायलाच तयार न्हाईत."

म्हातारीचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेले होते. कॉलनीतल्या खोलीत तिला पावलापावलाची माहिती होती; खाटेपासून मोरी सात पावलं, उंबरा, मग डावीकडे. नव्या घरात सगळंच नवं. "सुनंच्या हाताला धरून परसाकडं जायचं असलं, तर मला न्हाय जगायचं," असं ती म्हणत होती. क्वार्टर तर सोडावीच लागणार. तेव्हा ती गावाकडे भाचीकडे जाते म्हणून हटून बसली होती. हे सांगताना सिस्टरांचा आवाज नर्सचा राहिला नाही. "तीस वर्षं परक्यांच्या म्हाताऱ्या सांभाळल्या मी, आक्का. आणि माझी म्हातारी भाचीच्या दारात नेऊन टाकू?"

आक्कांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, काही लिहिलं नाही, परत खोचली. मग त्यांनी पदर डोळ्यांवरून घट्ट बांधला आणि दुकानात चालायला लागल्या. आम्ही बघतोय तोवर तिसऱ्या पावलाला त्या डॉल्फिनच्या खोक्यावर आदळल्या. "अय्यो शिवने!" पदर सोडून त्यांनी आधी खोकं बघितलं. "शेपूट गेलं," म्हणाल्या, आणि मग सिस्टरांकडे वळून, "म्हातारीला हितं घेऊन या."

म्हातारी आली ती भांडायच्या तयारीनं. ठेंगणी, गव्हाळ, पांढरं लुगडं, हातात काठी. आक्कांनी जमिनीवर फरशी नुसतीच मांडून ठेवली होती, सिमेंट नाही काही नाही. सगळीकडे साधी, सपाट, फिकट फरशी, आणि तिच्या मधून दोन फरश्या रुंद अशी एक खरखरीत निळ्या फरशीची वाट. आठ बाय आठ इंचाची ती फरशी, अंगावर बारीक दाणे असलेली. निळा रंग सिस्टरांनी निवडला होता. म्हातारीला दिसत नाही तर रंग कशाला बघायचा, असं मी म्हणाले, तर सिस्टर म्हणाल्या, "मला दिसतो की."

"आज्जी, चप्पल काढा आन् चाला," आक्का म्हणाल्या.

म्हातारीनं पाय टेकवला, थांबली. अंगठ्यानं दाणे चाचपले. मग पाय बाजूला सरकवला, सपाट लागलं, परत निळ्यावर आणला. काठी सिस्टरांच्या हातात दिली आणि हळूहळू सरळ चालत गेली. एका ठिकाणी वाट वळत होती. तिथे ती थांबली, पायानं दोन्हीकडे शोधलं आणि वळली.

"ही वाट कुनीकडं जाती?" तिनं विचारलं.

"सरळ गेली तर नळाकडं. वळली की संडासाकडं."

"मग झालं की," म्हातारी म्हणाली. "ह्या वयात मला दुसरीकडं कुठं जायाचं हाय?"

सगळे हसलो. पण लगेच तिनं बोट वर केलं. "हितं दुकानात बरं हाय. तिथं घरात असंच असलं, तर मी येईन. न्हायतर भाचीकडं." पौर्णिमेला नव्या घरात बुद्धवंदना करून राहायला जायचं ठरलं होतं. मध्ये तीन आठवडे होते.

मी घर मापलं, चौकटी आखल्या, फरशी मोजली, माल गेला. पौर्णिमेच्या चार दिवस आधी दुपारी दस्तगीर मिस्त्री दुकानात आले. ते दुकानात कधी येत नसत. माझ्या टेबलावर त्यांनी माझाच कागद पसरला आणि विचारलं, "पट्टी, वळायची वाट कुठाय?"

मी कागदावरून बोट फिरवलं. दारापासून नळापर्यंतची वाट मी बरोबर काढली होती. कमोडकडे वळणारा फाटा काढायचाच राहिला होता. दुकानातल्या मांडणीत तो होता, माझ्या कागदावर नव्हता. दहा फरश्या कमी, आणि एक बसवताना फुटलेली. अकरा. आणि त्या निळ्याचं आमचं शेवटचं खोकं संपलं होतं. कंपनीला फोन लावला. तो नमुना बंद झाला होता.

आक्का घरी जेवायला गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत मी राजीनामा मनात तीन वेळा लिहिला. आल्यावर सगळं सांगितलं. दस्तगीर मिस्त्री माझी बाजू घ्यायला म्हणाले, "दुसरी खरखरीत लावू की, पायाला काय कळतंय." आक्कांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की ते बाहेर जाऊन तंबाखू मळायला लागले. मग त्या माझ्याकडे वळल्या. ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. "पट्टी, तू न्हाणी मापलीस, म्हातारी मापायची ऱ्हायली," एवढंच म्हणाल्या, आणि डोळे मिटून बसल्या. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत. त्या निळी फरशी आठवत होत्या. ती कुणाकुणाला विकली, कुणाच्या घरात उरली असेल. दोन मिनिटांनी डोळे उघडले. "कबनूरचा मागवाला. त्याच्या दोन न्हाण्या. आन् मलकापूरची म्हातारी, जिच्या लेकाला मिशीला कात्री लावायची सवय हाय ती. चल."

कबनूरला आम्ही संध्याकाळी पोहोचलो. घराला लागूनच यंत्रमागाचा कारखाना, आणि खटखटाट असा, की शेजारी उभ्या माणसाचे ओठ वाचावे लागत. आक्का ओरडून विचारत होत्या, "निळी उरलीय का?" मागवाल्याला ऐकू येत होतं "निळी उडलीय का?" तो घाबरून "न्हाय हो, रंग पक्का हाय, तक्रार न्हाय आमची!" असं हात जोडून सांगत होता. शेवटी लाइट गेली, माग थांबले, आणि त्या शांततेत आक्कांचं ओरडणं गल्लीभर ऐकू गेलं. उरलेली फरशी त्यानं दाखवली. ती सगळी दारापुढच्या पायरीवर सिमेंटात पक्की बसवलेली होती, पाय घासायला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मलकापूर. आक्कांच्या मांडीवर फरश्यांचं एक जड खोकं होतं. "माणसाच्या दारात फरशी मागायला मोकळ्या हातानं जाऊ ने," त्या म्हणाल्या. मलकापूरची म्हातारी घरात एकटीच होती. निळी फरशी म्हणताच तिनं आम्हांला माळ्याखालच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे भिंतीला लावून लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आणि प्रत्येक बरणीवर फडका, फडक्यावर झाकण म्हणून आमची आठ बाय आठची निळी. आक्कांनी मोजलं. ओंदु, एरडु... हन्नोंदु, हन्नेरडु. बारा.

"झाकणं न्यायची? आन् मी काय बरण्या उघड्या ठेवू?" म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

आक्कांनी खोकं उघडलं. आत गुलाबाची फुलं छापलेली चकचकीत पांढरी फरशी होती. म्हातारीनं एक हातात घेतली, खिडकीपाशी नेऊन बघितली. मग आक्कांनी तिला आंधळ्या आज्जीची सगळी हकिगत सांगितली. म्हातारी ऐकता ऐकता खाली बसली. तिनं स्वतः उठून एकेक बरणीचं झाकण बदललं. अकरा निळ्या दिल्या, बारावीवर हात ठेवला. "ही लिंबाची हाय. लिंबाच्या लोणच्याला सारखं सारखं हलवत न्हाईत." शिवाय आम्हांला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

फरश्या तेलानं माखल्या होत्या. मी रात्रीपर्यंत सोड्यानं आणि चुन्यानं घासल्या; तेल गेलं, वास गेला नाही. मिस्त्रींनी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्या बसवल्या, एकेकीवर टकटक करून ऐकलं आणि मला बघून प्रथमच हसले.

पौर्णिमेला आम्ही तिघंही गेलो. पुढच्या खोलीत बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावलेल्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, वंदना झाली, खीर वाटली गेली. मग म्हातारी उठली. "कुठाय ती वाट?" सिस्टर हात धरायला पुढे झाल्या. तिनं हात झटकला. सिस्टरांनी तिला न्हाणीच्या दारापर्यंत नेऊन सोडलं. म्हातारीनं अनवाणी पाय आत टाकला, दाणे शोधले, चालायला लागली. फाट्यापाशी थांबली. नाक वर केलं. "हितं लोणच्याचा वास येतोय," म्हणाली. "म्हंजे हितनं वळायचं," असं म्हणून ती वळली, आणि परत येऊन तिनं दार आतून लावून घेतलं.

बाहेर आम्ही उभे. सिस्टर, त्यांचे यजमान, मिस्त्री, आक्का, मी, शिवाय खिरीच्या वाट्या हातात घेतलेले दहा-बारा पाहुणे. एक मिनिट गेलं, दोन गेली. सिस्टरांनी दाराला कान लावला. आतून म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "आता समदी जावा की! कशाची वाट बघताय?"

सिस्टर हसायला लागल्या आणि हसता हसता तिथेच भिंतीला टेकून रडल्या. आक्का त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. पाठीवरून हात फिरवायची त्यांना सवय नव्हती. त्या भिंतीवरून हात फिरवत होत्या. मग माझ्याकडे वळून पुटपुटल्या, "पट्टी, तुकडा परत कोपऱ्यातच लावलाय त्यानं."

म्हातारी त्या घरात सहा वर्षं राहिली. पडली नाही.

त्या सहा वर्षांत धंदा बदलला. दोन फूट बाय दोन फुटाची, आरशासारखी विट्रिफाइड फरशी आली. हायवेच्या बाजूला गार हवेचे मोठमोठे शोरूम उघडले. तिथे कॉम्प्युटरवर तुमची बाथरूम रंगवून दाखवायचे. त्यांच्या पडद्यावरच्या बाथरूममध्ये कधी कुणी माणूस नसायचा. आक्का एकदा हौसेनं बघून आल्या. "चांगलं हाय," म्हणाल्या, "पर घसरून पडायला त्यात जागा लई हाय." आमच्याकडची गिऱ्हाइकं कमी होत गेली. मला एका इंटिरियर करणाऱ्या फर्मकडून बोलावणं आलं होतं आणि ते आक्कांना सांगायचं धाडस होत नव्हतं. महिनाभर मी ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. शेवटी एका सकाळी त्यांनीच विचारलं, "कधी जाणार?"

"कुठं?"

"पट्टी, तुझ्या पर्सची चेन लागत न्हाय महिना झाला. रोज ते पाकीट काढून वाचतीस आन् घालतीस." मग म्हणाल्या, "तू जात न्हाईस म्हणून मला दुकान बंद करता येईना. माझ्या जिवावर किती दिवस बसणार?" आधी मला वाईट वाटलं, मग राग आला, मग दोघी हसलो. पुढच्या महिन्यात दुकान बंद झालं. उरलेला माल दस्तगीर मिस्त्रींनी नेला आणि आक्का निपाणीला भावाकडे राहायला गेल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही नवराबायकोनं राजारामपुरीत फ्लॅट घेतला. दुसऱ्याच्या घराची फरशी मी पंधरा मिनिटांत निवडायचे. माझ्या स्वयंपाकघरासाठी दोन महिने गेले. नवरा म्हणाला, पांढरी लाव आणि मोकळी हो. मी निपाणीला फोन केला. "आक्का, तुम्हीच सांगा."

"मी न्हाय सांगणार," पलीकडून आवाज आला. "तिथं तू हुभी ऱ्हाणार. मी बघायला येईन."

मी पिवळी निवडली. हळदीसारखी पिवळी, सबंध भिंतभर. आक्कांना पिवळा रंग बिलकूल चालत नसे, दुकानात त्या तो मागवतही नसत. हे मला पुरतं माहीत होतं. तरी तीच निवडली, मिस्त्रींकडूनच बसवून घेतली, आणि मग त्या येईपर्यंत धास्तीत राहिले.

आक्का पुढच्याच थंडीत गेल्या. भावाचा फोन आला तेव्हा मी एका साइटवर होते. तिथल्याच पायरीवर बसून राहिले. पण त्याच्या आधीच्या वैशाखात, बोलल्याप्रमाणे, त्या माझं घर बघायला आल्या होत्या. गुडघे दुखत होते, दोन जिने चढताना तीनदा बसल्या. आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. मधोमध उभ्या राहून त्यांनी सगळीकडे बघितलं. भिंतीवरून हात फिरवला, सांध्यातून नख फिरवलं. दार उघडून डोळा कुठे पडतो ते बघितलं. तिथून अख्खी फरशी सुरू होत होती आणि तुकडा दारामागे होता.

"दस्तगीर सुधारला," म्हणाल्या.

"आणि रंग?" मी धीर करून विचारलं.

"लई वंगाळ."

त्या जमिनीवर भिंतीला पाठ लावून बसल्या. मी चहा टाकला. निपाणीच्या गोष्टी निघाल्या, भावाच्या सुनेच्या तक्रारी, तिथल्या एका देवळाची फरशी कुणी उलटी बसवलीय ते. बोलता बोलता पाच वाजले. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. ऊन उतरत उतरत खिडकीत आलं आणि एकदम सगळी भिंत पेटल्यासारखी झाली. स्टीलचे डबे, कट्टा, चहाची वाफ, आक्कांचे पांढरे केस, सगळं पिवळंधमक. आक्का बोलता बोलता थांबल्या. मान वळवून भिंतीकडे बघत राहिल्या. हातातला कप रिकामा झाला होता, तो त्यांनी हळूच खाली ठेवला.

"आक्का, तुमची साडेपाचची गाडी," मी आठवण केली.

"सातचीबी असती," त्या म्हणाल्या. "अजून एक कप टाक."